धरणे त्यांच्या डोंगरांत, नोकऱ्या आमच्या शहरांत

देशातील वीजनिर्मितीच्या एकूण स्थापित क्षमतेपैकी निम्मी क्षमता कोळसा, तेल व वायू यांच्यावाचून चालणारी झाली आहे, अशी घोषणा केंद्र सरकारने २०२५ च्या जुलै महिन्यात केली. हे उद्दिष्ट गाठण्यासाठी २०३० साल धरलेले होते. ते पाच वर्षे आधीच साधले. पाणी, ऊन, वारा आणि अणू यांपासून मिळणाऱ्या विजेची क्षमता २०३० पर्यंत पाच लाख मेगावॅटवर न्यावयाची, हा पुढचा संकल्प आहे. देशाच्या दृष्टीने ही अभिमानाची गोष्ट होय, आणि तिचे श्रेय ज्यांचे त्यांना मोकळ्या मनाने दिले पाहिजे. परंतु आकड्यांचा हा उत्सव साजरा करताना एक साधा प्रश्न कोणी विचारीत नाही. ही वीज ज्यांच्या डोंगरांतून, नद्यांतून आणि माळांवरून येणार, त्यांच्या मुलांपैकी किती मुले ती निर्माण करण्याच्या कामात असतील? तेथे खोदकामाला त्यांचे हात लागतील, यात शंका नाही. आराखड्यावर त्यांची सही कधी येणार, हा आमचा प्रश्न आहे.

हा प्रश्न भावनेचा नाही, भूगोलाचा आहे. या देशातील कोळसा मुख्यतः झारखंड, छत्तीसगड आणि ओडिशा येथील जंगलांखाली आहे. मोठी धरणे बांधण्याजोग्या दऱ्या सातपुड्यात, विंध्यात आणि सह्याद्रीत आहेत. या सर्व प्रदेशांत पिढ्यान्‌पिढ्या राहात आलेला समाज बहुतांशी आदिवासी आहे. २०११ च्या जनगणनेप्रमाणे देशात अनुसूचित जमातींचे लोक सुमारे १० कोटी ४३ लाख, म्हणजे शेकडा ८.६ होते. मात्र प्रकल्पांमुळे उठविल्या गेलेल्या लोकांत त्यांचे प्रमाण शेकडा ४० च्या आसपास असावे, असा अंदाज अभ्यासकांनी वारंवार मांडला आहे. प्रगतीचा भार उचलताना ज्यांचा वाटा लोकसंख्येच्या चौपट-पाचपट भरतो, प्रगतीची फळे वाटताना त्यांचा वाटा कोठे जातो, हे पाहावयास नको काय?

महाराष्ट्रापुरते बोलावयाचे तर नंदुरबार जिल्ह्याकडे पाहावे. या जिल्ह्यात २०११ साली शेकडा ६९ लोक आदिवासी होते. सरदार सरोवराच्या पाण्याखाली अक्कलकुवा आणि अक्राणी या दोन तालुक्यांतील ३३ गावे पूर्णतः वा अंशतः आली. १,४५० मेगावॅटच्या या प्रकल्पातील विजेपैकी शेकडा २७ भाग महाराष्ट्राचा, हे १९७९ च्या लवादानेच ठरवून दिले होते. महाराष्ट्राच्या वाट्याची वीज आली. पण ज्या काठावरची माणसे तिच्यासाठी उठली, त्या नर्मदाकाठच्या पाड्यांवर दिवा पोहोचावयास त्यानंतरही वर्षेच्या वर्षे लागली. त्या खोऱ्यात मुलांना अक्षर ओळखता यावे म्हणून जीवनशाळा काढाव्या लागल्या, त्या धरणविरोधी आंदोलनाने! धरण बांधणाऱ्यांना शाळा बांधण्याची आठवण झाली नाही, आणि धरणाला विरोध करणाऱ्यांना मात्र झाली, ही गोष्ट पुरेशी बोलकी आहे.

मुंबईकर वाचकांना हे सारे दूरचे वाटण्याचे कारण नाही. १९१५ साली खोपोलीहून मुंबईच्या गिरण्यांना वीज आली, ती मावळातले पाणी अडवून. १९२१ साली मुळशी पेट्यात सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली जो सत्याग्रह झाला, तोही अशाच एका धरणावरून. शहराचा दिवा आणि डोंगराचे पाणी यांचे हे नाते शंभर वर्षांचे आहे. आता त्याचा नवा अध्याय सुरू होत आहे. उन्हापासून वीज होते ती दिवसा, आणि ती लागते संध्याकाळी. म्हणून दिवसाच्या जादा विजेने खालच्या तलावातील पाणी वरच्या तलावात चढवावयाचे आणि गरजेच्या वेळी ते खाली सोडून जनित्रे फिरवावयाची, असे ‘उदंचन’ प्रकल्प सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर मोठ्या संख्येने योजिले आहेत. त्यांच्यासाठी २०२३ साली राज्य शासनाने धोरण आखले आणि अनेक कंपन्यांशी करारही केले. या जातीचा २५० मेगावॅटचा घाटघर प्रकल्प अकोले तालुक्यात २००८ पासून चालू आहे. घाटमाथा हा महादेव कोळी, ठाकर आणि कातकरी यांचा मुलूख. म्हणजे पुन्हा डोंगर त्यांचा, पाणी त्यांच्या दारचे आणि वीज आमची. तिच्याबरोबर येणाऱ्या नोकऱ्याही आमच्याच असाव्यात काय?

या संदर्भात एका स्त्रीची कथा प्रत्येक सुशिक्षिताने लक्षात ठेवावी अशी आहे. ६ डिसेंबर १९५९ रोजी दामोदर नदीवरील पंचेत धरणाचे उद्घाटन झाले. पंडित नेहरूंनी स्वतः कळ न दाबता, धरणावर मजुरी करणाऱ्या बुधनी मांझियाइन नावाच्या संथाळ मुलीला पुढे केले, आणि तिच्या हातून ते जनित्र सुरू झाले. हेतू उदात्त होता. धरण हे श्रमिकांचे आहे, हे जगाला दाखवावयाचे होते. पण त्या समारंभात नेहरूंना हार घातला म्हणून तिच्या जमातीने तिचे लग्न लागले असे मानून तिला बहिष्कृत केले. १९६२ साली तिची नोकरी गेली. पुढे दोन दशकांहून अधिक काळाने राजीव गांधींच्या कारकिर्दीत ती परत मिळाली. २०२३ साली त्या वारल्या. आपल्या राष्ट्राने आदिवासी मुलीच्या हाती विजेची कळ दिली, ती एका क्षणापुरती. त्या कळीमागचे शास्त्र तिला, निदान तिच्या मुलांना, शिकविण्याची व्यवस्था त्या समारंभाच्या कार्यक्रमपत्रिकेत नव्हती. साठ वर्षांहून अधिक काळ लोटला, तरी आमची वृत्ती फारशी बदलली आहे असे दिसत नाही. समारंभाला आम्हांस आदिवासी नृत्य हवे असते. नियंत्रणकक्षात आदिवासी अभियंता असावा, असे मात्र कोणास सुचत नाही.

‘त्यांना शिष्यवृत्त्या आहेत की!’ असे यावर उत्तर येईल. होय, आहेत. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीची योजना अनुसूचित जमातींना १९४८-४९ पासून लागू आहे. स्वतंत्र भारताच्या अगदी पहिल्या कल्याणकारी योजनांपैकी ती एक होय. आजवर लक्षावधी मुलेमुली तिच्या आधारावर शिकली, आणि तिचे मोल आम्ही कमी लेखीत नाही. पण एखादी योजना कागदावर असणे निराळे आणि ती पोटाला पुरणे निराळे. २०१० च्या सुधारणेत अभियांत्रिकीसारख्या अभ्यासक्रमाच्या वसतिगृहवासी विद्यार्थ्याला दरमहा १,२०० रुपये निर्वाहभत्ता ठरला होता. घरी राहून शिकणाऱ्याला ५५० रुपये! वसतिगृहात जागा न मिळणाऱ्या मुलांसाठी राज्य शासनाने २०१६ साली ‘स्वयम्’ योजना काढली. तिच्यात मुंबई-पुण्यासारख्या शहरांत जेवण, निवास व इतर खर्च मिळून वर्षाला ६० हजार, म्हणजे महिन्याला ५,००० रुपये धरले होते. वाचकांपैकी ज्यांची मुले परगावी शिकत आहेत, त्यांनीच सांगावे की इतक्या पैशांत पुण्यात एक खाट आणि दोन वेळचा डबा तरी मिळतो काय? त्यातही हे पैसे वेळेवर येत नाहीत, हा सार्वत्रिक अनुभव आहे. सधन घरातील मुलाला हप्ता चार महिने उशिरा आला तर घरून पैसे येतात. ज्याचा बाप वीटभट्टीवर आहे, तो मुलगा चार महिन्यांनी वर्गात नसतो. मग शिष्यवृत्ती येते आणि विद्यार्थी गेलेला असतो.

परंतु आमच्या मते खरा दोष रकमेहून खोल आहे. ही मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू होते दहावीनंतर. मुलगा मात्र गळतो त्याच्या फार आधी. अक्राणीच्या मुलाची घरची बोली पावरी, शाळेची भाषा मराठी आणि अभियांत्रिकीची इंग्रजी. म्हणजे इतरांनी एक उंबरठा ओलांडावयाचा, तेथे त्याने दोन ओलांडावयाचे. राज्यात शासकीय आणि अनुदानित मिळून हजाराच्या आसपास आश्रमशाळा आहेत. त्यांतील कित्येकांत गणित व विज्ञान यांचे शिक्षक वर्षातून किती महिने असतात, याची चौकशी कोणीही करावी. आम्ही पूर्वी शाळेत शिकविले आहे आणि त्या अनुभवावरून निश्चितपणे सांगू शकतो की, गणिताची भीती ही जन्मजात नसते. सहावी-सातवीत अपूर्णांक नीट न शिकविले गेल्याने ती उत्पन्न होते, आणि नववीत बीजगणित आले की कायमची होऊन बसते. असा मुलगा अकरावीला विज्ञानशाखेकडे वळतच नाही. मग अभियांत्रिकीच्या राखीव जागा रिकाम्या राहतात आणि ‘पाहा, त्यांना जागा देऊनही येत नाहीत!’ असे म्हणावयास आम्ही मोकळे होतो. २०२१-२२ च्या सरकारी पाहणीत उच्च शिक्षणातील नोंदणीचे प्रमाण सर्व समाजांचे मिळून शेकडा २८.४ होते, अनुसूचित जमातींचे २१.२. ही दरी महाविद्यालयाच्या दारात पडलेली नाही. ती आश्रमशाळेच्या फळ्यापाशी पडलेली आहे.

दुसरीकडे नोकरीचे दारही अरुंद होत आहे. राज्याच्या सेवेत अनुसूचित जमातींना शेकडा ७ आणि केंद्राच्या सेवेत साडेसात जागा राखीव आहेत. महानिर्मिती, महापारेषण, महावितरण यांसारख्या कंपन्यांतून त्याचा काही लाभ झालाही. परंतु नवी वीज, विशेषतः सूर्याची आणि वाऱ्याची, बहुतांशी खाजगी कंपन्या निर्माण करीत आहेत आणि तेथे आरक्षण नाही. जे राखीव आहे, तेही सुरक्षित नाही. बनावट दाखल्यांवर ज्यांनी आदिवासींच्या जागा बळकावल्या त्यांना संरक्षण नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने ६ जुलै २०१७ रोजी दिला. त्यानंतर राज्य शासनाने काय केले? ज्यांचे दाखले टिकले नाहीत त्या कर्मचाऱ्यांसाठी २०१९ साली ‘अधिसंख्य’ पदांची सोय केली. खरा आदिवासी विद्यार्थी पडताळणीच्या प्रमाणपत्रासाठी महिनोन्‌महिने खेटे घालतो, आणि खोट्याला तत्परतेने आसरा मिळतो. या न्यायाला काय म्हणावे?

बाहेरच्या जगाकडे पाहिले तर कॅनडाचे उदाहरण विचार करण्याजोगे आहे. १९७१ साली क्वेबेक प्रांताने जेम्स उपसागराकडे वाहणाऱ्या नद्यांवर प्रचंड वीजप्रकल्प जाहीर केला, तो तेथील क्री आणि इन्युइट या मूलनिवासी लोकांना न विचारता. ते न्यायालयात गेले. १९७३ च्या नोव्हेंबरमध्ये न्यायमूर्ती माल्‌फ यांनी काम थांबविण्याचा हुकूम दिला. वरच्या न्यायालयाने आठवड्याभरात तो उठविला. पण सरकारला वाटाघाटीस बसावेच लागले आणि १९७५ साली करार झाला. त्या करारात पैसा होता, जमिनीचे हक्क होते. आणि क्री लोकांचे स्वतःचे शाळामंडळही त्यातूनच उभे राहिले. नुकसानभरपाईत शाळेचा कारभार मागून घेण्याचे हे शहाणपण लक्षात घेण्याजोगे आहे. पुढे मॅनिटोबा प्रांतात ६९५ मेगावॅटचा कीयास्क प्रकल्प चार क्री समाजांच्या भागीदारीत उभा राहिला. ऑन्टॅरिओच्या उत्तरेस डिझेलच्या जनित्रांवर जगणाऱ्या सतरा वस्त्यांना जोडणारी सुमारे १,८०० किलोमीटरची वीजवाहिनी २०२४ साली पुरी झाली. त्या कंपनीत चोवीस मूलनिवासी समाजांची मालकी शेकडा ५१ आहे. तेथील अनेक वीजसंस्था मूलनिवासी विद्यार्थ्यांना अभियांत्रिकी आणि तंत्रशिक्षणासाठी खास शिष्यवृत्त्या देतात, आणि काही ठिकाणी शिष्यवृत्तीबरोबर सुट्टीतील कामाचीही जोड असते.

कॅनडा हा आदर्श देश आहे, असे आम्ही म्हणत नाही. ज्या देशाने सुमारे दीड लाख मूलनिवासी मुलांना आईबापांपासून तोडून निवासी शाळांत कोंडले, त्यांची भाषा त्यांच्या तोंडातून काढून घेतली, त्याने इतरांना धडे द्यावेत असे नाही. पण त्या पापाची चौकशी त्या देशाने केली. सत्य व समेट आयोगाने २०१५ साली ज्या ९४ सूचना केल्या, त्यांतील एक खास उद्योगपतींना उद्देशून आहे. मूलनिवासींना नोकऱ्या, प्रशिक्षण आणि शिक्षण यांची समान संधी द्या, आणि प्रकल्पाआधी त्यांची संमती घ्या, असे ती सांगते. शिक्षण आणि संमती या दोन गोष्टी तेथे एका दमात सांगितल्या आहेत, हे महत्त्वाचे. कारण शिष्यवृत्ती हे संमती विकत घेण्याचे स्वस्त साधन होऊ शकते, हा आक्षेप तेथेही घेतला जातो आणि तो निराधार नाही. चार मुलांना धनादेश देऊन, त्यांचे छायाचित्र छापून, चारशे कुटुंबांची जमीन घेता येत असेल, तर त्याहून स्वस्त सौदा कोणता? म्हणून आम्ही आरंभीच स्पष्ट करतो की, १९९६ चा पेसा कायदा आणि २००६ चा वनहक्क कायदा यांनी ग्रामसभेस दिलेले अधिकार एका बाजूस, आणि शिष्यवृत्ती दुसऱ्या बाजूस. एकीचा दुसरीशी व्यवहार होता कामा नये. ग्रामसभेने ‘नाही’ म्हटले, तरी तिच्या मुलांचे शिक्षण थांबता उपयोगी नाही.

हे मान्य करून काय करता येईल? आमच्या मते चार गोष्टी तातडीने व्हावयास हव्यात. पहिली, शिष्यवृत्तीचा आरंभ दहावीनंतर नव्हे, आठवीत व्हावा. आश्रमशाळांत गणित-विज्ञानाचा शिक्षक वर्षभर असेल याची जबाबदारी नाव घेऊन कोणावर तरी टाकावी. दुसरी, निर्वाहभत्ता महागाईच्या निर्देशांकाशी जोडावा आणि सत्राच्या आरंभी आगाऊ द्यावा. सरकारी नोकराचा महागाईभत्ता जर वर्षातून दोनदा वाढतो, तर विद्यार्थ्याच्या भुकेला वेगळा निर्देशांक असतो काय?

तिसरी गोष्ट पैशाची. तो नाही, असे कोणी सांगू नये. २०१३ च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांस नफ्याचा शेकडा २ भाग सामाजिक कामावर खर्च करणे बंधनकारक केले आहे. २०१५ पासून खाणींच्या जिल्ह्यांत जिल्हा खनिज प्रतिष्ठाने आहेत आणि शिक्षण हे त्यांचे अग्रक्रमाचे काम आहे. २००८ च्या जलविद्युत धोरणात स्थानिक विकासासाठी शेकडा १ मोफत विजेची, आणि प्रकल्पग्रस्त कुटुंबास दहा वर्षे दरमहा १०० युनिट विजेची तरतूद केलेली आहे. शंभर युनिट वीज दिली, हे चांगले झाले. पण वीज जळून जाते, विद्या उरते. या निधींतून प्रत्येक प्रकल्पामागे ठराविक मुलामुलींचा तंत्रशिक्षणाचा खर्च पदवीपर्यंत उचलावा आणि त्यांची संख्या दरवर्षी जाहीर करावी. चौथी गोष्ट, शिक्षणानंतरच्या कामाची. शिकाऊ उमेदवारांच्या १९६१ च्या कायद्यात अनुसूचित जमातींसाठी जागा राखण्याची तरतूद आहे. ती खाजगी वीजप्रकल्पांत कटाक्षाने अमलात आणावी आणि शिष्यवृत्तीधारकाला तेथे शिकाऊ म्हणून घेऊन पुढे कायम करावे. सगळेच पदवीधर होतील असे नाही. आयटीआयमधून वीजतंत्री किंवा तारतंत्री होऊन निघालेला पाड्यावरचा मुलगा महावितरणमध्ये विद्युत सहायक झाला, तरी त्याच्या घराची पुढची पिढी निराळी होईल.

यात उपकाराचा भाग नाही. यात आमचाही स्वार्थ आहे. दुर्गम पाड्यांवर बसविलेले सौरसंच कित्येक ठिकाणी बंद पडून राहतात, ते यंत्र वाईट म्हणून नव्हे, तर ते दुरुस्त करणारा माणूस पन्नास कोसांवर राहतो म्हणून. पावसाळ्यात घाटात तार तुटली, तर ती वाट ज्याला पायाखालची आहे तोच तेथे पहिल्यांदा पोहोचतो. डोंगरातील वीज डोंगरातील माणसाच्या हाती असणे, हा व्यवहाराचाही शहाणा मार्ग आहे.

गुणवत्तेचा प्रश्न काढणाऱ्यांना आमचे एकच सांगणे आहे. गुणवत्ता मोजावयाची, तर दोघे कोठून निघाले हेही मोजा. शिकवणीच्या वर्गांवर लाखभर रुपये खर्चून मिळविलेले ऐंशी गुण आणि कंदिलाच्या उजेडात, परक्या भाषेत मिळविलेले साठ गुण, यांत थोर कोणते, हे शिक्षकाला विचारावे. आणि कोणी असेही समजू नये की, आदिवासी मुलाने वीजच शिकावी असा आमचा आग्रह आहे. एखाद्या कातकरी मुलीला डॉक्टर व्हावयाचे असेल, कोलाम मुलाला इतिहास शिकावयाचा असेल, तर तोही तिचा वा त्याचा हक्क होय. ऊर्जाक्षेत्रातील शिष्यवृत्ती ही त्या साऱ्यांत भर आहे. त्यांच्या ऐवजी नाही.

उदंचन प्रकल्पांचे करार झाले आहेत. त्यांची कामे पुढची कित्येक वर्षे चालतील. आज घाटमाथ्यावरील आश्रमशाळेत आठवीत बसलेली मुलगी या कामांचा पसारा पुरा होईतो पदवीधर अभियंता होऊ शकते. म्हणजे वेळ अद्याप गेलेली नाही. पण ती आजपासून मोजली पाहिजे. शासनाने प्रत्येक करारात सिमेंट, पोलाद आणि पाणी यांची कलमे घातली असतील. त्या मुलीच्या शिक्षणाचे एक कलम त्यांत आहे काय, हे विधिमंडळात कोणीतरी विचारावे, आणि त्याचे उत्तर ‘नाही’ असे आले, तर ते कलम घातल्यावाचून पुढची कुदळ मारू नये.